नळराजाची चूल आणि दुसरीची वही

दिल्लीतील सरकारी वसाहतींत संध्याकाळी साडेसातच्या सुमारास कुकरच्या शिट्ट्या सुरू होतात. एका जिन्यात तमिळ घरातील सांबाराचा वास, दुसऱ्यात बंगाली घरातील मोहरीच्या तेलाचा, तिसऱ्यात एखाद्या मराठी घरातील हिंगाच्या फोडणीचा. आमच्या घरची ही फोडणी आम्ही स्वतः देतो. पत्नीची नोकरी रुग्णालयातील, पाळीची. आठवड्यातून चार दिवस ती रात्री नऊनंतर घरी येते. आमची कचेरी साडेपाचला सुटते. तेव्हा रात्रीचा स्वयंपाक आमच्याकडे आला यात त्याग नाही आणि पराक्रमही नाही. वेळापत्रकाने ठरविलेली ती गोष्ट आहे. शिवाय हे काम आम्हांस नवे नव्हते. नोकरीच्या आरंभी भुवनेश्वरला बदली झाली तेव्हा चौघे अविवाहित मराठी कारकून एका बिऱ्हाडात राहत होतो, आणि भाताचा लगदा, करपलेली आमटी व नकाशासारख्या पोळ्या या तीन इयत्ता आम्ही तेथेच उत्तीर्ण केल्या.

गेल्या वर्षी आमच्या मुलाच्या वहीने या सरळ व्यवहारात एक प्रश्न उभा केला. तो तेव्हा दुसरीत होता. शाळेतून ‘जोड्या लावा’चा एक कागद आला. डाव्या बाजूस माणसांची चित्रे, उजव्या बाजूस जागांची. चित्रांखाली हिंदीत नावे होती: किसान, मम्मी, पापा, आणि समोर खेत, दफ्तर, रसोई, अस्पताल. मुलाने ‘पापा’पासून एक रेघ ‘रसोई’कडे नेली आणि ‘मम्मी’पासून दुसरी ‘अस्पताल’कडे. वही परत आली तेव्हा दोन्ही रेघांवर लाल शाईची फुली होती. मुलगा रडला नाही. त्याने रबराने रेघा पुसल्या, पुस्तकाच्या मनासारख्या नव्या ओढल्या आणि आम्हांस विचारले, “बाबा, मग आपण घरी चुकीचं करतो का?”

आम्ही ‘नाही’ म्हणालो. परंतु त्या उत्तराला बळ नव्हते, आणि ते का नव्हते हे आठ दिवसांतच कळले. वाई तालुक्यातील आमच्या गावाहून आई राहावयास आली. पहिल्याच संध्याकाळी आम्ही पोळपाटापाशी उभे होतो. जिन्यात तिची पावले वाजली आणि हातातले लाटणे आम्ही खाली ठेवले. इतकेच नव्हे, तर हात धुऊन बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र उघडून बसलो. त्या दिवशी पत्नी कामावरून थकून आली होती. तिने पदर खोचून पोळ्या पुऱ्या केल्या. मुलगा दारात उभा राहून हे सारे पाहत होता. लाल फुली शाळेने एकदा मारली. दुसऱ्यांदा ती आम्ही मारली.

रात्री आम्ही आईजवळ विषय काढला. आईचे वडील, आमचे आजोबा, पंचक्रोशीत नावाजलेले आचारी होते. पाचशे पानांची पंगत त्यांनी एकट्याच्या देखरेखीखाली उठविल्याच्या गोष्टी आम्ही लहानपणी ऐकल्या आहेत. आम्ही म्हणालो, “आई, अण्णा तर जन्मभर स्वयंपाकच करीत होते ना?”

आई म्हणाली, “करायचे की. पण ते काम होतं रे. हे घरचं.”

घरी अण्णांनी कधी चहासुद्धा करून घेतला नाही, हेही तिने त्याच सहजतेने सांगितले. आईच्या त्या दोन वाक्यांत आपल्या देशातील पाककलेचा बराचसा इतिहास आलेला आहे असे आम्हांस पुढे वाचता वाचता वाटू लागले. तो इतिहास येथे मांडून पाहावा असा हेतू आहे.

प्रथम महाभारताकडे वळू. पांडव अज्ञातवासासाठी विराटाच्या नगरीत गेले तेव्हा प्रत्येकाने आपापल्या अंगच्या गुणाप्रमाणे वेष घेतला. त्या पाच पुरुषांत आणि एका स्त्रीत मुदपाकखान्यात गेला तो भीम. त्याने ‘बल्लव’ हे नाव घेतले, आणि बल्लव या शब्दाचा एक अर्थच मुळी स्वयंपाकी असा आहे. द्रौपदी सैरंध्री झाली. तिने राणीची वेणीफणी पत्करली, चूल पत्करली नाही. अर्जुन बृहन्नडा होऊन राजकन्येस नृत्य शिकवू लागला. आजच्या शाळेत या तिघांच्या जोड्या लावावयास दिल्या तर व्यासमहर्षींना किती गुण मिळतील याची शंका आहे.

वनपर्वातील नलोपाख्यान तर आपल्या विदर्भातले. राज्य गमावलेला नळ बाहुक या नावाने अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाकडे सारथी म्हणून राहतो आणि पाकसिद्धीतही आपण निपुण असल्याचे सांगतो. पुढे तो विदर्भात येतो तेव्हा रूप पालटलेल्या पतीची परीक्षा दमयंती ज्या उपायांनी करते, त्यांत एक उपाय त्याने रांधलेल्या मांसाची चव घेण्याचा आहे. दासीकरवी ते मागवून ती चाखते आणि तिला खूण पटते. महाभारतकार कारणही देतात: नळाच्या हातचे तिने पूर्वी अनेकदा खाल्लेले होते. म्हणजे हा राजा सिंहासनावर असताना, पोटासाठी चाकरी करण्याची वेळ येण्यापूर्वी, आपल्या पत्नीसाठी रांधीत होता. ‘पाकदर्पण’ नावाचा संस्कृत ग्रंथ परंपरेने याच नळाच्या नावावर आहे. पुढे हैदराबादला असताना तेथील सहकारी उत्तम जेवणाला ‘नळभीमपाकम्’ म्हणत, तेव्हा तेलुगू भाषेने दोन पुरुषांच्या हाताची चव अजून स्मरणात ठेवली आहे हे जाणवून मौज वाटे.

पुराणकथा सोडून लेखी इतिहासात आलो तरी चित्र बदलत नाही. संस्कृतात स्वयंपाक्याला सूद, सूपकार, आरालिक अशी नावे आहेत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सूद आणि आरालिक हे राजवाड्यातील नोकर म्हणून भेटतात. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ रचला. कल्याणी म्हणजे आजच्या कर्नाटकातील बीदर जिल्ह्यातले बसवकल्याण. या ग्रंथातील अन्नभोगाच्या प्रकरणात मंडक, म्हणजे आपले मांडे, तसेच पूरिका, वटिका असे पदार्थ कृतीसह येतात. राज्यकारभार, हत्ती, रत्ने आणि संगीत यांच्या पंक्तीस फोडणी व मसाले आणून बसविणारा हा लेखक सिंहासनावरचा पुरुष होता, आणि त्यात त्याला काही कमीपणा वाटला नाही.

माळव्याचा सुलतान घियासशाह याची कारकीर्द १४६९ ते १५०० अशी. मांडूच्या त्याच्या दरबारात ‘निमतनामा’ हा सचित्र पाकग्रंथ सुरू झाला. याच सुलतानाच्या अंतःपुरातील स्त्रियांस नाना धंदे आणि शस्त्रविद्या शिकविल्या होत्या असे फारसी बखरकार लिहितात. सुलतानाची हौस म्हणून ती गोष्ट सोडून देता येईल. पण शिकविले म्हणजे कोणीही काहीही शिकते, एवढे त्यावरून सिद्ध होते. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त बादशाही मुदपाकखान्याची व्यवस्था सविस्तर दिली आहे. त्यावर मीर बकावल हा मानाचा अधिकारी असे, आणि हाताखाली देशोदेशींचे स्वयंपाकी.

मराठी माणसाचा हिस्सा या परंपरेत लहान नाही, आणि तोही विशेषेकरून महाराष्ट्राबाहेर घडलेला आहे, हे आपणां परप्रांतस्थांस सुखावणारे आहे. सतराव्या शतकात रघुनाथ गणेश नवहस्त या मराठी पंडिताने ‘भोजनकुतूहल’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला. त्याला तंजावरास व्यंकोजीराजांची राणी दीपाबाई हिचा आश्रय होता. त्याच तंजावरात दुसऱ्या सरफोजीराजांच्या नावाचे ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ मराठीत तयार झाले आणि सरस्वती महाल ग्रंथालयाने ते जपले. राणी आश्रय देते, पंडित चव आणि गुणदोष लिहितो. या जोडीवर तेव्हा कोणी फुली मारल्याचे ऐकिवात नाही.

राजवाड्यांहूनही मोठे उदाहरण देवळाचे. भुवनेश्वरच्या दिवसांत आम्ही अनेकदा पुरीस गेलो. जगन्नाथाच्या मंदिरातील आनंदबाजारात मातीच्या भांड्यांतून महाप्रसाद मिळतो. लाकडाच्या विस्तवावर एकावर एक मडकी रचून तो शिजवितात. शिजविणारे सेवेकरी सुआर आणि महासुआर या नावांनी ओळखले जातात. ते सर्व पुरुष, आणि हा त्यांचा वंशपरंपरागत अधिकार. आमच्याबरोबरच्या एका मित्राची आई त्या वेळी म्हणाली होती, “एवढ्या पुरुषांच्या हातचं जेवले, पण मेलं एकाचंही मीठ चुकलं नाही.” आम्ही तेव्हा हसलो. ज्या देशात प्रत्यक्ष जगन्नाथाची चूल पुरुषांच्या हाती आहे, त्या देशात ‘रसोई’पुढे ‘पापा’ लिहिणे चूक कसे ठरते, हा विचार तेव्हा मनात आला नाही.

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल की, पाककला ही पुरुषांचीच, स्त्रिया मागाहून आल्या. तसे म्हणणे खोटे होईल आणि कृतघ्नपणाचेही होईल. ज्या काळात सोमेश्वर मांड्यांची कृती लिहीत होता त्याच काळात त्याच्या राज्यातील लक्षावधी घरांत पहाटे जाते फिरत होते, आणि ते फिरविणाऱ्या हातांचे नाव कोणत्याही ग्रंथात नाही. वाटणी चुलीची नव्हती, प्रतिष्ठेची होती. जेथे स्वयंपाकाला वेतन होते, मान होता, देवाचे सान्निध्य होते किंवा ग्रंथावर नाव लागणार होते, तेथे तो पुरुषाकडे गेला. जेथे तो रोजचा होता, बिनमोल होता आणि उद्या पुन्हा पहिल्यापासून करावयाचा होता, तेथे तो स्त्रीकडे राहिला. सोवळ्याओवळ्याने या वाटणीला आणखी घट्ट केले. देवळात व पंगतीत कोणाच्या हातचे चालेल हे जातीने ठरविले, आणि महिन्यातील चार दिवस स्त्रीला तिच्याच स्वयंपाकघराबाहेर बसविले. आमच्या अण्णांना जे आचारीपण मिळाले त्यात त्यांच्या कौशल्याइतकाच या व्यवस्थेचाही वाटा होता, हे नातवाने मान्य केले पाहिजे. ‘ते काम होतं, हे घरचं’ या आईच्या बोलण्याचा अर्थ असा आहे.

प्रश्न उरतो तो शाळेचा. घरात चालत आलेली वाटणी पाठ्यपुस्तकात केव्हा शिरली? जुन्या पंतोजींच्या शाळेत मुलींना प्रवेश जवळजवळ नव्हताच, त्यामुळे तेथे हा प्रश्न उद्भवला नाही. १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली आणि मुलींना अक्षरे मिळाली. मात्र शाळा वाढू लागल्या तशी समाजाला दुसरी चिंता पडली: शिकलेल्या मुलीने घरी काय करावयाचे? १८८४ मध्ये मुलींचे हायस्कूल, म्हणजे आजचे हुजूरपागा, सुरू झाले. आणि १८८७ मध्ये टिळकांच्या ‘मराठा’ पत्राने त्याच्या अभ्यासक्रमावर टीका केली. शाळेचे तास कमी असावेत, म्हणजे मुलींना घरकाम शिकण्यास वेळ राहील, असा तिचा आशय होता. टिळकांविषयीचा आमचा आदर त्याने उणावत नाही. मात्र त्या वादात एक गृहीत धरलेली गोष्ट दिसते: मुलाच्या शाळेचे तास घरकामाच्या हिशेबाने ठरवावे असे कोणाही पक्षाला सुचले नाही.

छापखान्याची साक्षही अशीच आहे. मराठीतील पहिले छापील पाकपुस्तक रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे. ते १८७५ साली प्रसिद्ध झाले आणि त्याचे नाव ‘सूपशास्त्र’. १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया’ आले. त्या बाईंच्या अनुभवाला आणि लेखणीला तोड नाही. पुरुषांच्या हातून पाकग्रंथाची लेखणी स्त्रीने घेतली ही आनंदाचीच गोष्ट होती. परंतु पुस्तकाचे नाव पाहावे. पस्तीस वर्षांत शास्त्राची गृहिणी-मित्र झाली. ज्याला शास्त्र म्हणतात ते कोणीही शिकावे. गृहिणीच्या मित्राकडे मुलगा कशाला फिरकेल?

१९१६ मध्ये अण्णासाहेब कर्वे यांनी महिला विद्यापीठ स्थापिले. जपानमधील महिला विद्यापीठाचा आदर्श त्यांच्यापुढे होता. मातृभाषा हे माध्यम आणि गृहजीवनाशी निगडित विषय, ही त्या विद्यापीठाची वैशिष्ट्ये होती. दिल्लीत १९३२ साली लेडी आयर्विन कॉलेज निघाले आणि गृहविज्ञान ही मुलींच्या उच्च शिक्षणाची एक वाट झाली. या संस्थांवर आज बसल्या जागी टीका करणे सोपे आहे. ज्या बापाने मुलीला गणित वा कायदा शिकण्यास कधीच धाडले नसते, त्याने गृहविज्ञान म्हटल्यावर धाडले, आणि त्या दारातून हजारो मुली घराबाहेर पडल्या. तरीही दाराच्या पाटीवर जे लिहिले होते ते दोन पिढ्यांनी वाचले: आहार, आरोग्य, घराचा जमाखर्च हे मुलींचे विषय होत. मुलग्यांच्या शाळेत ती पाटीच नव्हती.

महात्माजींच्या नयी तालीममध्ये हा भेद मोडण्याची संधी आली. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यास परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने मूलोद्योग शिक्षणाचा आराखडा तयार केला. सूतकताई, शेती, हस्तोद्योग यांतून मुलामुलींना एकत्र ज्ञान द्यावे हा त्याचा गाभा. पण अभ्यासक्रमाच्या तपशिलात चौथी-पाचवीच्या मुलींसाठी सामान्य विज्ञानात गृहशास्त्र घातले होते, आणि सहावी-सातवीच्या मुलींना मूलोद्योगाऐवजी गृहशास्त्र घेण्याची मुभा होती. मुलग्यांसाठी तशी ओळ नव्हती. गंमत अशी की, सेवाग्रामच्या प्रत्यक्ष शाळेत मुलगे आणि मुली पाळीपाळीने सामुदायिक स्वयंपाकघर चालवीत. किती माणसांना किती धान्य लागेल हे त्यांचे गणित, भाजीत काय सत्त्व आहे हे त्यांचे विज्ञान. कागद मागे राहिला होता आणि चूल पुढे गेली होती. सरकारी नोकरीत बहुधा याच्या उलट पाहावयास मिळते, म्हणून हे उदाहरण आम्हांस फार आवडते.

स्वातंत्र्यानंतर विषय दिल्लीत आला. १९५८ साली दुर्गाबाई देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली स्त्रीशिक्षणाची राष्ट्रीय समिती नेमली गेली. चिंतामणराव देशमुखांच्या पत्नी म्हणून दिल्लीतील जुन्या मराठी मंडळींना त्या परिचित. पण घटनासमितीतील सभासद व समाजकार्याच्या धुरीण म्हणून त्यांची योग्यता स्वतंत्र आहे. या समितीने १९५९ मध्ये सांगितले की प्राथमिक शाळेत मुलामुलींचा अभ्यासक्रम एकच असावा. मात्र तो मुलींना अधिक जुळावा म्हणून त्यात संगीत, शिवण, स्वयंपाक यांसारखे विषय आणावेत. एक पाऊल पुढे आणि अर्धे मागे.

ते अर्धे पाऊल पुढे टाकले श्रीमती हंसा मेहता यांनी. या बाईंचा परिचय आपल्या वाचकांना हवा. बडोद्याचे दिवाण मनुभाई मेहता यांची ही कन्या. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ असाही अर्थ निघू शकणारा इंग्रजी शब्द होता. तो काढून तेथे ‘सर्व मानव’ अशा अर्थाचे शब्द आले ते त्यांच्या आग्रहाने. पुढे त्या बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या, आणि त्यांच्या कारकिर्दीत तेथे गृहविज्ञानाची विद्याशाखा उभी राहिली. म्हणजे घरकामाला कमी लेखणाऱ्यांपैकी त्या नव्हत्या. १९६१ साली मुलामुलींच्या अभ्यासक्रमांतील भेदाचा विचार करण्यासाठी त्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिचा निष्कर्ष असा की, लोकशाही व समाजवादी धर्तीच्या समाजात शिक्षण व्यक्तीच्या कुवतीवर आणि आवडीवर बेतावयाचे असते, आणि या गोष्टी स्त्रीत्व-पुरुषत्वावरून ठरत नाहीत. प्राथमिक शाळेत भेद नको. घरसंसाराचे प्राथमिक ज्ञान द्यावयाचे तर ते मुलग्यांनाही द्यावे.

कोठारी आयोगाने (१९६४–६६) या मतास दुजोरा दिला आणि गृहविज्ञान मुलींवर सक्तीचे करू नये असे सुचविले. या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूरकडचे. पुढे १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने व्यवसाय-शिक्षणातील स्त्रीपुरुष-साचे मोडण्याचा निर्धार लिहून ठेवला. फायलींशी रोजचा संबंध असणाऱ्या वाचकांस पुढचे सांगावयास नको. शिफारस मान्य होते, टिपणावर सही होते, आणि अंमलबजावणी ‘योग्य वेळी’ या दोन शब्दांत विसावते. घरकाम मुलींवर सक्तीचे करू नये हे शाळांनी हळूहळू ऐकले. ते मुलग्यांनाही शिकवावे हे वाक्य मात्र बहुतेकांनी वाचलेच नाही.

याचा परिणाम आकड्यांत दिसतो. केंद्र सरकारने २०१९ मध्ये केलेल्या वेळ-वापर पाहणीत सहा वर्षांवरील स्त्रियांपैकी ८१.२ टक्के स्त्रिया घरच्या बिनपगारी कामात गुंतलेल्या आढळल्या. पुरुषांचे प्रमाण २६.१ टक्के होते. जे पुरुष काम करतात तेही दिवसाला सरासरी ९७ मिनिटे, आणि स्त्रिया २९९ मिनिटे. म्हणजे स्त्रीची पाच तासांची दुसरी कचेरी, हजेरीपटाविना आणि रजेविना. पाहणीची मोजणी सहाव्या वर्षापासून आहे हे विसरू नये. जोड्या लावण्याचे वयही तेच.

बदल होतच नाही असे मात्र नाही. २०१९ साली ‘बालभारती’ने दुसरीच्या पुस्तकात आई आणि वडील दोघेही भाजी निवडीत बसल्याचे चित्र छापले. केरळात २०२४ साली तिसरीच्या पुस्तकात वडील स्वयंपाकघरात नारळ खवताना दाखविले. या चित्रांची वर्तमानपत्रांनी बातमी केली, यातच त्यांचे अप्रूप किती ते कळते. कोणी म्हणेल, चित्राने काय होणार? आमच्या घरी एका चित्राने काय झाले ते आम्ही वर सांगितलेच आहे. सात वर्षांच्या मुलाने डोळ्यांनी रोज पाहिलेले खरे एका फुलीपुढे रबराने पुसून टाकले. पुस्तक खोटे असेल ही शक्यता त्याला सुचली नाही. आपले घर चुकत असेल ही सुचली.

बदलीच्या नोकरीत आपणांपैकी पुष्कळांनी एकट्याने बिऱ्हाड थाटलेले आहे. गुवाहाटीपासून पोर्टब्लेअरपर्यंत मराठी कर्मचाऱ्यांनी पिठले-भात शिजवून दिवस काढले आहेत. लग्नानंतर आपण ती विद्या जुन्या गणवेशासारखी ट्रंकेत टाकतो आणि मुलांना तिचा पत्ताही लागू देत नाही. मुलगा उद्या नोकरीनिमित्त दूर जाईल तेव्हा त्यालाही पहिले सहा महिने करपलेली आमटी खावी लागेल. आणि त्याहून वाईट म्हणजे, ती आमटी कोणी स्त्रीने करून देणे हा आपला हक्क आहे असे तो मानील. मुलीला स्वयंपाक शिकवू नये असे आमचे म्हणणे नाही. दोघांनाही शिकवावा, आणि तो उपकार म्हणून नव्हे, अंघोळ करणे वा पैसे मोजणे जसे शिकवितो तसा शिकवावा.

आमच्यापुरते सांगावयाचे तर आम्ही दोन गोष्टी केल्या. शिक्षिकाबाईंस चार ओळींचे पत्र लिहिले: मुलाचे उत्तर आमच्या घरापुरते खरे आहे, तरी फुलीचा पुनर्विचार व्हावा. कागद परत आला तेव्हा खाली ‘देखा’ एवढाच शेरा होता. तो वाचून कारकुनाला हसू येणे स्वाभाविक होते. त्या बाई स्वतः पहाटे पाचला उठून घरचे डबे भरून शाळेत येतात असे पुढे पालकसभेत समजले, तेव्हा ते हसू मावळले.

दुसरी गोष्ट अधिक कठीण होती. या दिवाळीत आई पुन्हा आली. जिन्यात पावले वाजली तेव्हा आम्ही झारा हातात ठेवला. मुलगा शेजारी स्टुलावर उभा राहून शंकरपाळ्यांची कणीक मळीत होता. आई दारात थांबली, काही बोलली नाही, हातपाय धुऊन आत आली. शेगडीवर साखरेचा पाक होता. तिने नातवाला जवळ ओढले, पळीतला थेंब बशीत निवविला आणि म्हणाली, “असं दोन बोटांत धर बाळा. एक तार आली की उतरवायचा. माझे अण्णा असंच बघायचे.”

अण्णांची ही युक्ती आम्हांस आजवर कोणी सांगितली नव्हती. मुलाने बोटे लांब केली, तार तुटली. “पुन्हा बघ,” आई म्हणाली.